नानाच्या नावचा घास

मला साखर आहे. हे तीन शब्द लिहायला मला वर्षाच्या वर लागलं. तोंडाने म्हणायला तर त्याहून जड गेलं, आणि त्या लाजेपायी मी एका भल्या बाईला जेवण सोडायला लावलं. ते कसं झालं तेच सांगायला बसलोय. माझ्यासारखी जेवणाची फुशारकी मारणारी माणसं गावोगाव आहेत. त्यातल्या एकाने जरी हे वाचून वेळेवर खरं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

मी एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं, ज्वारीचं. गावात मला तात्या म्हणतात. नोकरीत होतो तोवर लोकांना माझी गरज असायची. कुणाला गाडीची वेळ हवी, कुणाला नगरला डबा पोचवायचा, कुणाच्या लेकीला खिडकीची जागा. निवृत्त झालो आणि गावाला माझं काही काम उरलं नाही. उरली ती एक पंगत. मी बसलो की वाढप्यांना जोर यायचा. "तात्याम्होरं परातच ठेवा रं," कुणीतरी ओरडायचं, सगळे हसायचे, आणि मी मिशीला पीळ देऊन आणखी चार जिलब्या उडवायचो. हसण्यात थट्टा किती आणि मान किती हे मी कधी तपासलं नाही. मला तो मानच वाटत होता.

चष्म्याचा नंबर

चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला म्हणून कर्जतला डोळे तपासायला गेलो. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी काचा बदलून बदलून पाहिल्या आणि म्हणाल्या, "काका, मी आज चष्मा देत नाही. आधी रक्तातली साखर तपासून या." मला रागच आला. गिऱ्हाईक दारात आलंय आणि ही बाई त्याला दवाखान्यात धाडतेय.

डॉक्टर तरुण होते. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सकाळी तीन भाकरी, दुपारी चार, वर भात. चहा गुळाचा, कारण गूळ प्रकृतीला चांगला. एकादशीला काही नाही, नुसती साबुदाण्याची खिचडी आणि रताळी.

"गूळ काय, साखर काय," डॉक्टर म्हणाले, "रक्त नाव विचारत नाही. भात, बटाटा, पोहे, साबुदाणा, सगळ्याची पोटात गेल्यावर साखरच होते. ज्वारीची भाकरी चांगली, पण म्हणून सात खायची नाही. ताटात आधी भाजी घ्या, मग उसळ किंवा अंडं, दही. भाकरी शेवटी, एक." मग त्यांनी गोळी लिहून दिली. जेवणाआधी एक घ्यायची, आणि गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. मन मात्र त्या एका भाकरीवरच अडकलं होतं.

दवाखान्यातून निघालो, स्टँडजवळच्या दुकानातून पाव किलो पेढे घेतले आणि स्टँडच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या सगळे संपवले. आजार कळल्यावर मी केलेलं पहिलं काम ते. खाताना डोळ्यांत पाणी होतं, पण एकही पेढा शिल्लक ठेवला नाही.

दाखवायच्या भाकरी

घरी फक्त मंदाला, माझ्या बायकोला, सांगितलं. मुलगा पुण्याला असतो, त्यालाही सांगू नको म्हणून बजावलं. तिने कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडायला बसली.

तेव्हापासून माझ्या ताटाचा नकाशा बदलला. गवार, दोडका, घेवडा, वांगं, कधी शेपू. मटकीची उसळ. दोन अंड्यांचं ऑम्लेट. काकडी, ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे. आणि कडेला एक भाकरी, तीही मंदा हाताने लहान थापायची. पहिले पंधरा दिवस मी तिला नको नको ते बोललो.

"मी काय शेळी हाय का, पाला खायाला?"

"शेळी बरी," मंदा म्हणाली. "खाल्लं की गप उबी तरी ऱ्हाती."

भूक लागायची असं नाही, हे खरं सांगतो. उसळ-अंड्याने पोट भरायचं. भरायची नाही ती सवय. हात सारखा भाकरीच्या टोपलीकडे जायचा. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला कुणी असं जेवताना बघेल याची भीती वाटायची. मी दार लोटून जेवायला लागलो. बाहेर चपलांचा आवाज आला की मंदा पटकन दोन भाकरी माझ्या ताटात ठेवायची, नुसत्या दाखवायला. पाहुणा गेला की परत टोपलीत. एकदा शेजारचा एक जण गप्पा मारत बसूनच राहिला, उठेचना. त्या दिवशी त्या दोन्ही भाकरी मी खाल्ल्या, केवळ त्याला दिसावं म्हणून. मंदा चुलीकडे तोंड करून बसली होती. तिच्या पाठीवरूनच मला कळलं की ती चिडली आहे.

पण काही महिन्यांत साखर उतरली. डॉक्टर खूश झाले. चष्म्याचा नंबर एका जागी थांबला. पँट सैल झाली. गावात विचारायचे, "तात्या, वाळला का वो?" मी सांगायचो, "रोज माळावर चालायला जातोय." साखरेचं नाव काढत नव्हतो. ज्याचं नाव जेवणात, त्याने जेवायचं नाही म्हणजे मग त्याचं राहिलं काय, असं मला वाटायचं.

जादा बोजा, जादा तिकीट

मग भाद्रपदातला पितृपंधरवडा आला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या वयाच्या, ओळखीच्या कुणाला तरी जेवायला बोलावतात. त्याला पित्तर म्हणतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, खांद्यावर उपरणं घालतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. त्याआधी एक घास पानावर काढून कावळ्यासाठी बाहेर ठेवतात. कावळा शिवला की मग पित्तर जेवायला बसतो, आणि त्यानंतर घरचे.

माझ्या वयाचे बरेच जण पुढे गेले आहेत, त्यामुळे या पंधरवड्यात मला मागणी फार. शिवाय हात आखडून जेवणारा पित्तर कुणाला नको असतो. "तात्या जेवला की आमचा म्हातारा ढेकर देतो," असं लोक म्हणायचे. आमंत्रणं आली आणि मी एकालाही नाही म्हणालो नाही.

पहिल्या दोन घरी खीर, वडे, भात, सगळं रेटून जेवलो. घरी येऊन साखर मोजायच्या मशीनवर बोट टोचून पाहिलं तर आकडा बघून हादरलो. डॉक्टरांकडे जायला तोंड नव्हतं. म्हणून मी माझंच डोकं चालवलं. आयुष्यभर गाडीत एकच हिशेब शिकलो होतो, जादा बोजा असेल तर जादा तिकीट. खीर जादा, तर गोळी जादा. इतका साधा तोडगा डॉक्टरांना कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटलं.

तिसरं आमंत्रण नानाचं होतं. नाना माझा दोस्त. शेजारी शेत, वर्षाने मोठा, चाळीस वर्षांचा संग. तीन वर्षांमागे नगरच्या दवाखान्यात वारला. मागे त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणतो, आणि मुलगा संजय, सून.

त्या दिवशी सकाळी मंदा अंडी उकडून मागे लागली होती. "दोन तरी खावा. तिथं किती वाजत्यात कुनास ठाव." मी खाल्ली नाहीत. पोटात जागा ठेवायची होती. दुपारी निघताना एक गोळी तिच्यासमोर घेतली आणि दुसरी दाराबाहेर, तिची पाठ वळल्यावर.

कावळा येईना

पाय धुऊन झाले, गंध लागलं. संजयने केळीच्या पानाच्या तुकड्यावर खीर, वडा, भात, भोपळ्याची भाजी असा घास काढून गोठ्याच्या बुटक्या भिंतीवर ठेवला. भावकीतली पाच-सात माणसं ओसरीवर बसली होती. आम्ही वाट बघायला लागलो.

कावळा येईना. एक आला, बाभळीवर बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. ऊन रणरणत होतं. अशा वेळी घरचे लोक गेलेल्याला वचनं देतात, म्हणजे त्याचा जीव मोकळा होऊन कावळा शिवतो. संजय हात जोडून म्हणाला, "नाना, आईला अंतर देनार न्हाई. या आता." कावळा नाही. मग वहिनी पुढे झाल्या. डोक्यावरचा पदर सावरून त्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या.

"अहो, त्या दिवशी मी दवाखान्यातनं घरला आले. म्हशी उपाशी हुत्या, म्हनून आले. आन् माज्या माघारी तुमी गेला. तोंडात पानी घालायला मी न्हवते. त्याचा राग हाय का तुमाला? राग हाय म्हनून येत न्हाई का?"

आणि नेमका तेव्हा मला घाम फुटला.

आधी वाटलं उन्हाने असेल. मग हात थरथरायला लागले. छातीत धडधड, डोळ्यांपुढे चांदण्या, आणि कारण नसताना मला इतका संताप आला की मी संजयवर खेकसलो, "कावळ्याला काय पत्रिका छापायला पायजे का रं?" माणसं वळून बघायला लागली. जीभ जड झाली होती, बोलणं अडखळत होतं. साखर खूप खाली गेली की हे असं होतं. ते मला नंतर कळलं. तेव्हा फक्त भूक कळत होती, अशी भूक मला आयुष्यात कधी लागली नव्हती.

पुढचं तुटक तुटक आठवतं. मी उठलो. कुणीतरी "तात्या, कुठं?" म्हणालं. मी भिंतीपाशी गेलो, पान ओढलं आणि खायला लागलो. दोन्ही हातांनी. खीर मिशीवर आली, उपरण्यावर सांडली. वडा अख्खा तोंडात कोंबला. मागून वहिनींचा आवाज आला, "भावजी!" नुसतं तेवढंच. मी थांबलो नाही. पान चाटून पुसून झाल्यावर थांबलो.

त्यांनी मला खाटेवर निजवलं. डोळे मिटले होते, पण कान उघडे होते. कुणीतरी म्हणालं, "पिऊन आलाय." दुसरा म्हणाला, "आजच्या दिवशी तरी..." मी आयुष्यात बाटलीला हात लावलेला नाही. गाडीत पिऊन चढणाऱ्याला मी हात धरून उतरवत आलोय.

कुणी तरी मंदाला बोलावून आणलं. तिने माझा घामेजलेला हात धरला मात्र, सगळं ओळखलं. सुनेकडून साखर मागून पाण्यात कालवून पाजली. माझ्या कानाशी वाकून विचारलं, "सांगू का यांना?" मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणालो, "न्हाई."

आजही हे लिहिताना कान गरम होतात. चार माणसांत मला दारुड्या म्हणवून घेणं चाललं, पण साखर आहे म्हणवून घेणं चाललं नाही.

नगरचा दवाखाना

कर्जतच्या डॉक्टरांनी नगरला पाठवलं. या गोळीचा जोर उतरेपर्यंत साखर पुन्हा पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून तिथे ठेवून घेतलं. हाताला सलाईन लावलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती गोळ्या घेतल्या?"

"एकच."

मंदाने माझ्या सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं. "काका, गोळी वाढवून खीर जिरत नाही," त्या म्हणाल्या. "साखर वाढली तर हळूहळू मारते. उतरली तर लगेच. उपाशीपोटी दोन गोळ्या घेऊन तुम्ही उन्हात बसलात. ते काही खाल्लंत म्हणून वाचलात. काय खाल्लंत?"

मी भिंतीकडे तोंड केलं. कावळ्याचा घास खाल्ला, हे मला सांगता येईना. मंदानेही सांगितलं नाही.

दवाखान्यात दिवस बोटांवर मोजतात. दर थोड्या वेळाने नर्स यायची, "आजोबा, बोट." तिथली एक नर्स दरवेळी वेगळं बोट घ्यायची आणि मधे न टोचता कडेला टोचायची. "मधे दुखतं जास्त," म्हणाली. एवढ्याशा गोष्टीने मला रडू फुटलं. तिला वाटलं दुखलं म्हणून, ती सॉरी म्हणाली. जेवणाच्या ताटात पालक, डाळ, दही आणि एक पोळी आली. समोरच्या खाटेवरचा माणूस "हे काय जेवण हाय का" म्हणून कुरकुरत होता. मी पहिल्यांदा दार न लोटता ते ताट संपवलं, कारण लोटायला दारच नव्हतं.

संध्याकाळी मंदा स्टुलावर बसून होती. एकदम बोलली.

"लोकं जेवायला बोलावत्यात त्याचा तुमाला मान वाटतो. मी इतकी वर्सं जेवायला घालते. कदी म्हनला का, आज भाजी बरी झाली? आता वरीसभर तुमच्यासाठी निराळं रांधते, तर दार लावून जेवता. माझ्या हातच्या जेवनाची लाज वाटती तुमाला."

मी म्हणालो, "तुज्या जेवनाची न्हाई गं."

"मग कशाची?"

मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. माझी मलाच वाटत होती, एवढंच होतं.

उपरणं

घरी आल्यावर मंदाने खिरीचे डाग पडलेलं उपरणं धुतलं आणि नानाच्या घरी द्यायला गेली. परत आली ती पायरीवरच बसली.

"वहिनींनी रातचं जेवान सोडलंय," ती म्हणाली. "त्यांच्या डोक्यात बसलंय, नाना रागावला म्हनून कावळा शिवला न्हाई, आन् त्याचा घास पिलेल्या मानसानं उष्टावला. सर्वपित्रीला परत घास ठेवनार हायेत. तवा बी न्हाई शिवला तर कायमचंच सोडनार म्हनत्यात."

तिथी चुकली, काही बिनसलं, तर पंधरवड्याच्या शेवटी सर्वपित्री अमावस्येला पुन्हा पान वाढता येतं. मधे काही दिवस होते. मी त्या प्रत्येक दिवशी उद्या जातो म्हणालो. अंगात ताकद नाही म्हणालो. ताकद होती, गोठा झाडत होतो. तिकडे एक बाई आपल्या हातून नवरा दुखावला म्हणून रोज उपाशी निजत होती, आणि इकडे मी मंदाने केलेली उसळ खाऊन साखर बघत होतो. ती अगदी छान येत होती.

"तूच सांग जाऊन," मी शेवटी म्हणालो.

"सांगू शकते. पन न्हाई सांगनार," मंदा म्हणाली. "घास तुमी खाल्लाय."

पुढचं सांगायच्या आधी ताटाचं चार शब्दांत सांगतो, कारण त्यासाठीच कुणी हे वाचत असेल. साखरेवर ताट बदलता येतं, उपाशी राहावं लागत नाही. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. मग उसळ, डाळ, अंडं, पनीर, मटण-मासे खात असाल तर ते, पण रश्श्याबरोबर भाकऱ्यांची चळत नको. भाकरी असो की भात, त्याला शेवटचा नंबर आणि थोडी जागा. भगर-साबुदाण्याच्या उपवासाला उपवास समजू नका. गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका, ती घेतली की जेवण टाळू नका, आणि ताट बदलाल तेव्हा डॉक्टरांना सांगा, कारण मग गोळीही बदलावी लागते. खिशात खडीसाखर ठेवा. घाम, थरथर, उगाच संताप आला तर ती तोंडात टाका आणि शेजारच्याला सांगा. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

सर्वपित्री

अमावस्येला सकाळी दोन अंडी आणि वाटीभर मटकी खाऊन मी नानाच्या घरी गेलो. मंदा मागे होती. ओसरीवर तीच माणसं. संजय उठून आडवा आला.

"तात्या, आज नगा. आई आधीच..."

"मी जेवायला न्हाई आलो रं," मी म्हणालो. "वहिनींना बोलव."

वहिनी दारात आल्या. चेहरा उतरला होता. मी पायरीखालीच उभा राहिलो. मग एकदम सगळंच बाहेर पडलं.

"वहिनी, मी पिलेलो न्हवतो. मला साखर हाय. वरीस होत आलं. खीर खाता यावी म्हनून दोन गोळ्या घेतल्या आन् साखर उतरली. डोकं ठिकान्यावर न्हवतं. नाना रागावला न्हवता. कावळा आला असता का न्हाई, देवाला ठाव. पन मधी मी हात घातला. तुमी दवाखान्यातनं घरी आला त्याचा आन् याचा काई संबंध न्हाई. मी खादाड, ही एवढीच गोष्ट हाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"हे तुमी त्याच दिवशी का न्हाई सांगितलं?" वहिनींनी विचारलं.

"लाज वाटली."

"मी इतक्या दिसांत..." एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यात राग होता. तो माझा मी घेतला. त्या आत गेल्या. मी परत फिरायला वळलो तर आतून आवाज आला, "संजय, त्यांचे पाय धू. पित्तर माघारी धाडत न्हाईत."

घास भिंतीवर ठेवला. कावळा काही लगेच दिसेना. संजयने एकदा आभाळाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, तात्यांना उपाशी बसवायला नगं. आदी वाढ." वहिनी ताट घेऊन आल्या तसा मी हात आडवा धरला.

"खीर एक चमचा, रितीपुरती. वडा नगं, भात नगं."

"मग खानार काय?"

"भाजी. कडी. आन् असलं तर पिठलं. पिठलं चालतं, भाकरी अर्दी."

वहिनी ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"पिठलं," त्या म्हणाल्या. "त्यांना बी पिठलंच लागायचं. गोडाला कदी शिवले न्हाईत."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "नाना? नाना तर पंगतीला माज्या शेजारी बसायचा. बुंदी, जिलबी, समदं घ्यायचा."

"घ्यायचे. आन् नजर चुकवून तुमच्या ताटात सरकवायचे. घरी येऊन माज्याकडनं पिठलं करून खायाचे." वहिनी म्हणाल्या. "खीर तर रितीची, ती करावी लागती. पन पातेलंभर करत हुते ती तुमच्यासाठी, भावजी. तुमी पोट भरून जेवला की लोकं म्हनायचे, नाना जेवला. मी बी तसंच म्हनत ऱ्हायले."

त्यांनी सुनेला पिठलं टाकायला सांगितलं. चरचरीत फोडणीचा वास आला. मी पहिल्यांदा कुणाच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत, अर्धी भाकरी आणि पिठलं, भोपळ्याची भाजी, कढी असं जेवलो. कुणी परात आणा म्हणालं नाही. मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही.

जेवण होत आलं की पित्तराला विचारायची रीत आहे, आणि ते गेलेल्याच्याच नावाने विचारतात. संजय तांब्या घेऊन समोर वाकला. "नाना, पोट भरलं का?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. आजवर कितीतरी घरी मी मोठी ढेकर देऊन, "तृप्त झालो" म्हणत आलो होतो. त्या त्या माणसाच्या नावाने, त्यांच्या बायकांसमोर. त्यांना काय आवडायचं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि नाना तर माझ्या मांडीला मांडी लावून चाळीस वर्षं जेवला होता. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उत्तराची वाट बघत होत्या. तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. ताट पुढे सरकवून, खाली बघतच मी म्हणालो, "अजून थोडं पिठलं वाढा."

वहिनी पातेलंच घेऊन आल्या. वाढून झाल्यावर त्या घासाच्या भिंतीकडे न बघताच आत वळून सुनेला म्हणाल्या, "माजं बी ताट घे गं. आन् रातच्याला बी माजी भाकरी थाप."